उधारीचे पंचेचाळीस दिवस : कायदा कोणासाठी आणि कोणावर?

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक असो, मिरजेचा तंतुवाद्य कारागीर असो की धारावीत चामड्याच्या वस्तू तयार करणारा असो, या सर्वांचे एक दुखणे सारखेच आहे. माल वेळेवर जातो, पैसा वेळेवर येत नाही. सुताचे किंवा चामड्याचे पैसे लवकर द्यावे लागतात, मजुरी आठवड्याला चुकती करावी लागते, विजेचे बिल कोणासाठी थांबत नाही. तयार मालाची रक्कम मात्र साठ, नव्वद, कधी कधी एकशेवीस दिवसांनी हाती पडते. म्हणजे ज्याच्याजवळ भांडवल कमी, तोच भांडवलवाल्याला उधार देत बसतो. या रखडपट्टीचा शेवटचा मार बसतो तो मागावर उभ्या असलेल्या मजुराला.

यावर कायदा नाही असे नाही. पण तो नेमका कोणाला लागू होतो, कोणाला होत नाही आणि त्याचा फायदा घेण्यासाठी काय करावे लागते, याची नीट माहिती आपल्या बाजारपेठांत फारशी पोहोचलेली नाही. अर्धवट ऐकीव माहितीमुळे कारागीर आपला हक्क सोडतो आणि व्यापारी विनाकारण कराचा भुर्दंड भरतो. म्हणून या विषयाची दोन्ही बाजूंनी मांडणी करणे आम्हाला आवश्यक वाटते.

कायदा काय म्हणतो?

लघुउद्योगांची थकबाकी वेळेवर मिळावी यासाठी केंद्र सरकारने पहिला कायदा १९९३ मध्ये केला. तो पुढे रद्द होऊन त्याची जागा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या कायद्याने घेतली. याच्या कलम १५ मध्ये दोन मुदती दिल्या आहेत. खरेदीदार आणि माल देणारा यांच्यात लेखी करार असेल तर करारात ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, मात्र ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारात ९० दिवस लिहिले तरी कायद्याच्या दृष्टीने ते ४५ च धरले जातात. लेखी करार नसेल तर मुदत फक्त १५ दिवसांची.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तो सूक्ष्म उद्योग. गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. आपले बहुतेक कारखानदार आणि कारागीर पहिल्याच वर्गात बसतात. माल तयार करून विकणाराच नव्हे, तर मजुरीवर कापड विणून देणारा, रंगाई किंवा शिलाई करून देणारा, म्हणजे सेवा पुरविणाराही या कायद्याच्या कक्षेत येतो. खरेदीदार मोठी कंपनी असो की बाजारातला साधा दुकानदार, बंधन दोघांवर सारखेच.

दिवस कधीपासून मोजायचे?

ही मुदत बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते. माल पोहोचल्यावर १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे कायदा मानतो. हरकत घेतली असेल तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत सुरू होते.

ही तरतूद कारागीर बांधवांनी नीट ध्यानात घ्यावी. तीन महिने पैसे मागत राहावे आणि मग एक दिवस ‘तुमच्या मालात खोट निघाली’ असे ऐकावे लागावे, हा अनुभव अनेकांना आहे. पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नसेल, तर अशा सबबीवर मुदत पुढे ढकलता येत नाही. यासाठी माल दिल्याच्या पावतीवर तारीख आणि घेणाऱ्याची सही मात्र हवी. नुसत्या तोंडी व्यवहारावर कायदा उभा राहत नाही.

आयकराचा चाप

२००६ चा कायदा बरीच वर्षे कागदावरच राहिला, कारण नेहमीच्या गिऱ्हाईकाविरुद्ध तक्रार करून धंदा तोडण्याची कोणाची तयारी नसते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला वेगळे बळ दिले. आयकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये ‘एच’ हे नवे उपकलम आले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. नव्या आयकर कायदा, २०२५ मध्येही ही तरतूद वेगळ्या कलमाखाली ठेवलेली आहे.

तिचा अर्थ साधा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कलम १५ च्या मुदतीत दिले नाहीत, तर ती खरेदी ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाईल. समजा एका पेढीने १० फेब्रुवारीला पाच लाखांचे कापड ४५ दिवसांच्या लेखी बोलीवर घेतले. मुदत मार्चमध्येच संपली आणि पैसे मे महिन्यात दिले. आता मार्चअखेरच्या हिशेबात हे पाच लाख खर्चात धरता येणार नाहीत. नफा कागदावर पाच लाखांनी फुगेल आणि भागीदारी पेढीला ३० टक्के दराने दीड लाख रुपये कर, शिवाय उपकर आधी भरावा लागेल. पुढच्या वर्षी तो खर्च मिळेल, पण तोपर्यंत दीड लाख अडकून पडतील.

आता दुसरे उदाहरण पाहा. माल १० मार्चला आला, पैसे २० एप्रिलला दिले. ४५ दिवसांचा लेखी करार असेल तर मुदत २४ एप्रिलपर्यंत आहे. पैसे वेळेत गेले, खर्च जुन्याच वर्षात धरला जाईल. करार तोंडी असेल तर मुदत २५ मार्चलाच संपली आणि तो खर्च त्या वर्षी गेला. माल तोच, रक्कम तीच, पैसे दिल्याची तारीखही तीच. फरक पडला तो एका लेखी ओळीने. म्हणजे लिहून ठेवण्यात केवळ कारागिराचे नव्हे, व्यापाऱ्याचेही हित आहे.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जूनमध्ये घेतलेल्या मालाचे पैसे डिसेंबरमध्ये दिले तर आयकराचा हा फटका बसत नाही, कारण पैसे त्याच आर्थिक वर्षात गेले. चाप बसतो तो मार्चअखेर राहिलेल्या थकबाकीला. तसेच जे छोटे व्यापारी कलम ४४ एडी खालील अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरत आले आहेत, त्यांच्या करावर या तरतुदीचा परिणाम होत नाही. मात्र वेळेवर पैसे देण्याचे २००६ च्या कायद्याचे बंधन त्यांच्यावरही आहेच.

व्यापाऱ्याची बाजू

येथे व्यापारी बांधवांची एक रास्त तक्रार आहे. २ जुलै २०२१ च्या आदेशाने किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणीची मुभा मिळाली, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला ४५ दिवसांच्या नियमाचा लाभ मिळत नाही. म्हणजे कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याने विणकराला ४५ दिवसांत पैसे द्यायचे, पण ज्या दुकानदारांना तो उधारीवर माल देतो त्यांच्याकडून मुदतीत पैसे मागण्यासाठी त्याच्या हाती हा कायदा नाही. तो मधल्या मधे सापडतो.

याचा परिणाम २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसला. सुरतेसह अनेक कापड बाजारांत माल परत करण्याचे, खरेदी थांबविण्याचे प्रकार घडले. व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. काही ठिकाणी तर छोट्या उत्पादकांना ‘नोंदणी रद्द करा, नाहीतर माल घेणार नाही’ असे सांगण्यात आले.

या दबावाला बळी पडू नये असे आमचे मत आहे. नोंदणी सोडणे म्हणजे आजची एक ऑर्डर वाचविण्यासाठी उद्याची प्रत्येक थकबाकी बुडीत टाकण्याजोगी करणे. शिवाय कर्ज आणि सरकारी खरेदीतील सवलतीही तिच्यासोबत जातात. व्यापाऱ्यांनाही नोंदणी नसलेला उत्पादक शोधत फिरण्यापेक्षा आपली पुढची उधारी आखडती घेणे अधिक परवडेल. दुकानदाराला नव्वद दिवस आणि विणकरालाही नव्वद दिवस, हे जुने गणित आता बसत नाही. जीएसटीच्या नियमानेही १८० दिवसांत पैसे न दिल्यास खरेदीदाराला घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. म्हणजे लांब उधारीचे दरवाजे एकेक करून बंद होत आहेत.

व्याजाचा प्रश्न

कलम १६ नुसार मुदत टळली की खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के होते आणि एक लाखावर वर्षाला सुमारे साडेएकोणीस हजार. येथे अनेक मुस्लिम कारागिरांना अडचण वाटते. व्याज घ्यायचे नाही, म्हणून ते कायद्याच्या वाटेलाच जात नाहीत आणि मुद्दलही गमावतात.

हे दोन प्रश्न वेगळे करावेत. मुद्दल हा घामाचा पैसा आहे आणि तो मागण्यात कसलाही संकोच नसावा. दावा मुद्दलापुरता ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. व्याजाच्या रकमेबाबत काय करावे, हे ज्याने त्याने जाणकार आलिमांना विचारून ठरवावे. आयकराच्या नव्या तरतुदीत तर कारागिराला व्याज घ्यावेच लागत नाही. तिच्या धाकाने मुद्दल वेळेवर सुटते, हा तिचा विशेष. आणि उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे दोन्ही पक्षांनी आठवावे. अडचणीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवड देण्याची शिकवणही त्याच सूरहमध्ये आहे. पण ऐपत असून टाळणारा आणि खरोखर अडलेला यांत फरक आहे.

दाद कोठे मागावी?

अशा थकबाकीसाठी राज्य सरकारच्या सुविधा परिषदा आहेत. तक्रार केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. जिल्हा उद्योग केंद्रात माहिती मिळते. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर लवादाची कारवाई होते. कायद्यात ९० दिवसांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. तरीही एक मोठी ताकद येथे आहे : निकालाला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात व्यवहारानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला दिला नाही. या मुद्द्यावर पुढे वेगळा विचारही न्यायालयात मांडला गेला आहे, पण शहाणपण यातच की नोंदणी सौद्याच्या आधी असावी. दावाही तीन वर्षे उलटण्याआधी करावा.

आमचे सांगणे

कारागीर बांधवांनी उद्यम नोंदणी आजच करून घ्यावी. ती आधार आणि पॅनवर होते, पूर्णपणे मोफत आहे; तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याची गरज नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा, पैशाची मुदत लिहावी, माल पोहोचल्याची सही घ्यावी. व्यापारी बांधवांनी आपल्या पुरवठादारांपैकी नोंदणीकृत उत्पादक कोण आणि केवळ व्यापारी कोण याची यादी करावी, उत्पादकांशी ४५ दिवसांचा लेखी करार करावा आणि फेब्रुवारीतच थकबाकी तपासून मार्चअखेरचा हिशेब लावावा.

विणकर आणि व्यापारी पुष्कळदा एकाच मोहल्ल्यात राहतात, एकाच सफेत उभे राहतात. एकाचा पैसा दुसऱ्याकडे अडकला की दोघांचाही बाजार मंदावतो. कायद्याने पंचेचाळीस दिवस दिले आहेत. ते पाळायला कोर्टाची पायरी चढावी लागू नये, हेच दोघांच्या हिताचे.