पाच मार्कांचा प्रश्न

एनबीएची, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनच्या मूल्यांकनाची, तयारी म्हटलं की व्हिजन-मिशनच्या पाट्या आणि फाइलींचे ढीग डोळ्यांसमोर येतात. मला विचाराल तर ती तयारी सेशनलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, उत्तरपत्रिकांत पाहावी.

वाशीम जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी जलसंपदा अभियांत्रिकी शिकवतो. विषयाला पाच कोर्स आउटकम, आमच्या बोलण्यात सीओ. अभ्यासक्रम संपल्यावर पोराला काय करता आलं पाहिजे, याची ही पाच वाक्यं. पेपरातल्या प्रत्येक प्रश्नासमोर त्याच्या सीओचा आकडा छापलेला असतो. पहिला सीओ सूत्र लावून गणित सोडवण्याचा. तिसऱ्यात पाऊस, माती, उतार दिलेला असतो आणि कोणती पद्धत वापरायची ते विद्यार्थ्यानेच ठरवायचं.

हा तिसरा सीओ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या जिल्ह्याच्या माथ्यावरून काटेपूर्णा तापीच्या खोऱ्याकडे जाते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेमार्गे गोदावरीकडे. पाणी दोन्हीकडे उतरून जातं. नाल्यात किती येईल आणि शेततळं भरेल का, हे इथल्या इंजिनिअरला सांगता आलंच पाहिजे.

आता हिशेब. वर्गात चाळीस मुलं. पाचपैकी तीन मार्क हे लक्ष्य. साठ टक्के मुलांनी ते गाठलं तर पातळी एक, सत्तर टक्क्यांना दोन, ऐंशीला तीन. पहिल्या सीओच्या प्रश्नात एकतीस जणांनी लक्ष्य गाठलं, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के, पातळी दोन. तिसऱ्याच्या प्रश्नात चौदाच. पस्तीस टक्के, पातळी शून्य. एका मुलाला विचारलं तर म्हणाला, “सर, फार्म्युला तं येते, पन कुठं कोन्ता लावाचा ते समजत नाही.”

एवढं स्पष्ट निदान मला कुठल्याही फीडबॅक फॉर्ममधून मिळालेलं नाही.

पण एक्सेल शीट पुढे काय करते पाहा. विद्यापीठाच्या परीक्षेचं वजन ऐंशी टक्के, आमच्या सेशनलचं वीस. विद्यापीठाकडून येतात ते विषयाचे एकूण गुण. कुठल्या प्रश्नात कोण अडलं, ते आमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून विद्यापीठाची पातळी, समजा दोन, पाचही सीओंना सारखीच लावावी लागते. पहिल्याचा आकडा २.० येतो, तिसऱ्याचा १.६. लक्ष्य १.५ ठेवलं असेल तर दोन्ही पास! निम्म्याहून जास्त वर्गाला जे जमलं नाही, ते साध्य झाल्याची नोंद होते. पुढे हाच १.६ सीओ-पीओ मॅपिंगमधल्या एक-दोन-तीनच्या वजनाने कार्यक्रमाच्या आउटकममध्ये, म्हणजे पीओत, मिसळतो आणि पार दिसेनासा होतो.

पद्धतच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या १९८९च्या वॉशिंग्टन करारातल्या देशांनी पुढे पदवीचं मोजमाप पदवीधराला काय येतं यावर आणलं, आणि भारत १३ जून २०१४ला त्याचा पूर्ण सदस्य झाला, हे चांगलंच झालं. मात्र कराराची मान्यता टिअर-१ मधल्या, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम आखणाऱ्या संस्थांच्या कार्यक्रमांपुरती आहे. आमच्यासारखी विद्यापीठाला संलग्न कॉलेजं टिअर-२ मध्ये. आमच्या पोरांना परदेशात त्या शिक्क्याचा उपयोग नाही. मग निदान शिकण्याचा तरी फायदा त्यांच्या पदरात पडावा, एवढा माझा आग्रह आहे. म्हणून मी अंतर्गत पातळीचा रकाना वेगळा ठेवतो आणि विभागाच्या बैठकीत आधी तोच वाचून दाखवतो.

एनबीएच्या व्हिजिटला आलेल्या तज्ज्ञांनी सर्वांत कमी गुणांची उत्तरपत्रिका मागितली. तिसऱ्या सीओचा प्रश्न वाचला आणि विचारलं, “पुढच्या बॅचसाठी काय बदललंत?” मी असाइनमेंट दाखवली: आपल्या गावचा एक नाला निवडा, पाणलोटाचं क्षेत्र नकाशावर मोजा, जमीन काळी की मुरमाड ते स्वतः पाहून लिहा, मग गणित करा. रिसोड, मानोरा, कारंजा, मंगरूळपीर, जिथली मुलं तिथले नाले. एकाच नाल्यासाठी दोघांची उत्तरं वेगळी आली की वर्गात खरी चर्चा होते.

त्या बॅचमध्ये तेवीस जणांनी लक्ष्य गाठलं. साडेसत्तावन्न टक्के, शीटमध्ये पातळी अजून शून्यच. एनबीएने आता बाराऐवजी अकरा पीओ केलेत, त्यामुळे मॅपिंग नव्याने करावं लागेल. असाइनमेंट मी तीच ठेवली आहे.