गावोगावची नोंद

देगलूरच्या एखाद्या पारावर वृद्ध मंडळी बोलत बसली म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते : "कर्करोग हा शहराचा रोग. आमच्या शेताशिवारात तो कोठून येणार?" शिक्षकी पेशात असताना पुष्कळ वर्षे मीही असेच मानीत असे.

हे खरे की खोटे, ते ठरवावयाचे कसे? रुग्णालयात जाऊन रोगी मोजावेत, असे तुम्ही म्हणाल. परंतु मुंबईच्या टाटा रुग्णालयात मराठवाड्यातला रोगी असतो, तसा बिहारातलाही असतो. त्या सर्वांची बेरीज म्हणजे मुंबईचा आकडा नव्हे. एखाद्या ठराविक प्रदेशात कायम राहणाऱ्या दर लाख लोकांमागे वर्षाला किती जणांना रोग झाला, हे पाहावे लागते. शिवाय कर्करोग उतारवयात अधिक होतो. म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना वयाचाही हिशेब धरावा लागतो. अशी नोंद भारतात प्रथम १९६३ साली मुंबईत सुरू झाली. खेड्यांची पाळी यावयास १९८७ साल उजाडले.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारचे परांडा व भूम या तीन तालुक्यांतील सुमारे साडेतीनशे खेडी या कामासाठी निवडली गेली. खेड्यातला रोगी पुष्कळदा डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. मग त्याची नोंद कागदावर कशी यावी? म्हणून कार्यकर्ते स्वतःच गावोगाव फिरू लागले. ते ग्रामस्थांना भेटत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशय आल्यास तपासणीस पाठवीत.

या नोंदीवरून पारावरचे म्हणणे अर्धे खरे ठरले. सर्व प्रकार एकत्र धरले, तर खेड्यांतील कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास भरले. उशिरा होणारे विवाह, थोडी अपत्ये, बैठे जीवन व वाढते वजन यांमुळे शहरी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो. बार्शीकडे मात्र गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता. त्याचे मूळ एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गात असते. तोंडाच्या कर्करोगाने शहर पाहिले नाही की खेडे. जेथे तंबाखू, तेथे तो. दातांना लावावयाची मिश्री ही देखील भाजलेली तंबाखूच, हे आपल्याकडे कित्येकांच्या ध्यानी येत नाही.

आता उरलेले अर्धे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, रोग कळल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण बार्शीकडे मुंबईपेक्षा कमी आढळले. एकूण कर्करोग थोड्यांना होई. पण ज्यांना होई, त्या उशिरा येत. देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर. ज्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडते, ती दुखणे अंगावर काढते. पुढच्या बाजारापर्यंत, मग सुगीपर्यंत.

बार्शीच्या कार्यकर्त्यांचे फिरणे मात्र वाया गेले नाही. काही वर्षांतच त्या खेड्यांतील स्त्रिया रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत अधिक संख्येने येऊ लागल्या. पुढे १९९९ साली उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक मोठी पाहणी सुरू झाली. तीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या आणि गावांचे चार गट पाडले होते. ज्या गटात त्या विषाणूची तपासणी केवळ एकदा झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.