संमिश्र संख्यांचा भागाकार आणि स्प्रेडशीट

घरोघरी पोहोचणारा विद्युत्‌प्रवाह प्रत्यावर्ती असतो. त्याच्या मार्गात तारेचा रोध आणि वेटोळ्याचा विरोध असे दोन्ही असल्यास त्यांची साधी बेरीज करून भागत नाही. समजा, रोध ३० ओहम व वेटोळ्याचा विरोध ४० ओहम आहे. बेरीज ७० धरून तिने २३० व्होल्ट दाबास भागले, तर प्रवाह सुमारे ३.३ अँपिअर येतो; प्रत्यक्षात मात्र ४.६ अँपिअर वाहतो. पहिल्या आकड्यावर विसंबून बेताची तार घातल्यास ती तापल्यावाचून राहणार नाही.

ह्या दोन विरोधांच्या परिणामांत ९० अंशांचे अंतर असते. म्हणून दोन्ही मिळून ‘३० + ४० आय’ अशी एकच संमिश्र संख्या लिहितात; ‘आय’ ह्या अक्षराचा वर्ग उणे १ होय. आता २३० ला हिने भागावयाचे. छेदातील कल्पित भागाचे चिन्ह पालटून ‘३० − ४० आय’ ही संयुग्मी संख्या घ्यावी व तिने अंश आणि छेद या दोहोंस गुणावे. छेद ९०० + १६००, म्हणजे २५००, असा निव्वळ वास्तव होतो आणि उत्तर ‘२.७६ − ३.६८ आय’ असे निघते. त्याचे परिमाण बरोबर ४.६ भरते.

ही रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली शिकागो येथील विद्युत्‌परिषदेत मांडली. आकडेमोड इतकी किचकट, की अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी केवळ संमिश्र गुणाकार-भागाकारांसाठी टेलिफोनच्या रिलेंचे एक यंत्र रचले. १९४० साली ते कामास लागले.

आज एक्सेलमध्ये तेच काम ‘आयएमडिव्ह’ हे फल करते. त्यास प्रथम भाज्य व नंतर भाजक पुरवावा. परंतु स्प्रेडशीटला संमिश्र संख्या ही संख्या म्हणून ओळखताच येत नाही. तिच्या लेखी तो केवळ मजकूर असतो. नेहमीचे भागाकाराचे चिन्ह वापरल्यास ती चूक दाखविते, हे एक परी बरे. पण अशा उत्तरांच्या रकान्यावर साधे ‘सम’ हे फल लावल्यास ती निमूटपणे शून्य लिहिते! तेथे ‘आयएमसम’ हेच हवे. परिमाण ‘आयएमएबीएस’ काढून देते, आणि ते मात्र खरीखुरी संख्या असते.

विद्युत्‌शास्त्रात ‘आय’ हे अक्षर प्रवाहासाठी राखून ठेवलेले असल्याने अभियंते त्याऐवजी ‘जे’ लिहितात. एक्सेलला दोन्ही चालतात. मात्र ती लहान लिपीत हवीत, आणि एकाच भागाकारात दोहोंची सरमिसळ झाल्यास उत्तर मिळत नाही.