पऱ्हाटीपासून कुट्टीपर्यंत

कापूस वेचून झाला की जळगाव-धुळ्याच्या शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. अंगठ्याएवढी जाड, कमरेच्या वर वाढलेली, वाळल्यावर विळ्याला दाद न देणारी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिचं काय करायचं, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. मजूर ती उपटून बांधावर रचत, वर्षभर चुलीला सरपण होई आणि उरलेली पेटवून दिली जाई. ट्रॅक्टरमागे जोडून काडी बारीक करणारं यंत्र तेव्हा कोण मागणार? काडीला गिऱ्हाईक घरातच होतं.

हे पालटायला अनेक गोष्टी कारण झाल्या. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढे तापीच्या दोन्ही काठांना ठिबकावरची पूर्वहंगामी कपाशी दाटली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरणारा सालदार (वर्षाच्या बोलीचा गडी) दर वर्षी महाग आणि दुर्मीळ होत गेला. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगाव गॅस पोचला आणि सरपणाची ओढ कमी झाली. खरा धक्का मात्र 2017 च्या हंगामाने दिला. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी महाराष्ट्राची कपाशी पोखरली. ही अळी उरल्यासुरल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते, म्हणजे बांधावरचा पऱ्हाटीचा ढीग हा तिचा पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा निवाराच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे एकच सांगू लागले: फरदड (हंगामानंतर लांबवलेली कपाशी) घेऊ नका, कपाशी वेळेत संपवा, पऱ्हाटी रचून ठेवू नका. तिथून पुढे कुट्टीचं यंत्र ही गरज झाली. शिवाय शेत लवकर मोकळं झालं तर हरभरा किंवा मका साधतो, हा हिशेब होताच.

दारात ट्रॅक्टर आला होता, पण छोटा. बंगळुरूच्या व्हीएसटीचा 18.5 एचपीचा मित्सुबिशी शक्ती जुना. 2010-11 च्या सुमारास महिंद्राचा एका सिलिंडरचा, 15 एचपीचा युवराज 215 आला, 2017 मध्ये 24 एचपीचा जिवो. कुबोटा, स्वराज, राजकोटचा कॅप्टन हेही होतेच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाने 9 ते 18 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला 90 टक्के अनुदान दिलं. त्या योजनेतली उपसाधनं म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. एकूणच छोटा ट्रॅक्टर घेतला गेला तो कोळपणी, फवारणी आणि ओढकामासाठी. माझ्या मते या सगळ्या काळातली मोठी चूक इथे आहे. ट्रॅक्टर आधी ठरला. त्याच्यामागे काय कापायचं आहे, हे नंतर पाहिलं गेलं.

सुरुवातीला लोकांनी रोटाव्हेटरच पऱ्हाटीत घातला. त्याचा रोटर मिनिटाला साधारण 200 फेरे घेतो. तो माती फोडायला बनलेला आहे, उभी काडी कापायला नाही. काडी चिरफाळते, मोडते, अर्धी मातीत गाडली जाते आणि पुढच्या पेरणीला पुन्हा वर येते. किडकं बोंडही तसंच मातीत जातं. कुट्टीच्या मल्चरचा रोटर याच्या आठ-दहा पट वेगाने फिरतो आणि खरं कापणं त्या वेगात आहे.

दुसरा पर्याय रोटरी कटर, म्हणजे आपल्याकडचा स्लॅशर. तो मूळचा गवताचा आणि झुडपांचा. अमेरिकेत अलाबामातल्या सेल्मा गावी 1951 मध्ये बुश हॉग नावाने तो ट्रॅक्टरमागे आला. मधे उभा दांडा, त्याला बिजागरीवर लटकलेली दोन-तीन पाती. दगड लागला की पातं मागे दुमडतं. यंत्र साधं, दुरुस्ती सोपी, ताकद कमी लागते. पण पऱ्हाटीचे तो लांब तुकडे करतो आणि बोंडं बरीचशी अख्खी राहतात. साक्रीच्या मुरमाड रानात तर तो दगड लांबवर फेकतो. म्हणून बोंडअळीचा विचार करणाऱ्याने आडव्या रोटरचा मल्चर घ्यावा, असं मी ठामपणे म्हणेन. त्याला ताकद जास्त लागते, आणि छोट्या ट्रॅक्टरची खरी अडचण तिथेच सुरू होते.

जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो. पीटीओच्या, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, त्यातले ढोबळमानाने 85 टक्के पोचतात. 15 एचपीचा ट्रॅक्टर यंत्राला देतो बारा-तेरा. स्लॅशरलाही रुंदीच्या फुटामागे पाचेक एचपी धरतात, म्हणजे अडीच फूट. आणि ट्रॅक्टर स्वतः साडेतीन फुटांच्या आसपास रुंद! जी काडी चाकाखाली आडवी होते, तिच्यापर्यंत पातं पोचतच नाही. उरलेले टोकदार बुडखे टायरमध्ये घुसतात ते वेगळंच. चार फुटी मल्चर चालवायचा तर पीटीओवर वीसच्या पुढे ताकद हवी, ट्रॅक्टर अगदी सावकाश चालेल असा गिअर हवा आणि शेवटपर्यंत उचलून धरेल अशी लिफ्ट हवी.

क्लचकडे तर बहुतेक जण पाहतच नाहीत. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर पाय दाबला की पीटीओही सुटतो. दाट ओळीत थांबावं लागलं तर रोटर मंदावतो आणि काडी अडकते. उलट जड स्लॅशर फिरता राहिला तर तोच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, बांधाशी हे जिवावर बेतू शकतं. ओव्हररनिंग क्लच त्यासाठी असतो. दगडासाठी शिअर बोल्ट. आणि पीटीओच्या दांड्यावरचं आवरण कधीही काढू नये. उपरण्याचं किंवा साडीचं टोक त्यात गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

केळीची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या दृष्टीने छोट्या ट्रॅक्टरचं नशीब रावेर-यावल-चोपड्याच्या केळीतच उघडलं. 1.5 बाय 1.5 मीटरवर लावलेल्या बागेच्या सरीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, मिनी शिरतो. नवती (पहिलं पीक) कापली की खोड काही काळ उभं ठेवतात, पिलाला त्यातून अन्न मिळतं. पिलबाग (पिलांवरचं पुढचं पीक) संपली की मग सगळी खोडं निघतात. पूर्वी ती नाल्याकाठी नेऊन टाकत, मजुरी वाया आणि पालाशही वाया. आता ती जागेवर बारीक होतात. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेलं खोड कापायला मऊ, पण त्याचा धागा वैरी. तो रोटरच्या टोकाला गुंडाळतो आणि बेअरिंग खातो. म्हणून इथे हातोडीची पाती नकोत, धारदार हवीत, आणि बेअरिंगला झाकण हवं. खोड आडवं पाडून काही दिवस सुकू द्यावं. त्याआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून घ्याव्यात, नाहीतर कुट्टीत त्यांचीही भर पडते. कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाच्या रोपांची कुट्टी मात्र बागेत करू नये. 2020 मध्ये या पट्ट्यात त्या रोगाने बागा उपटायला लावल्या. रोगट रोप उपटून बागेबाहेर नष्ट करावं.

शेतकरी गटांची अवजार बँक, 2018 पासून जळगाव जिल्ह्यातही राबवलेली पोकरा (हवामान-अनुकूल शेतीची) योजना, यांत्रिकीकरणाचं अनुदान, या वाटांनी मोठ्या ट्रॅक्टरवरचे श्रेडर आता तासावर भाड्याने मिळतात. पाच एकर कपाशी असलेल्याने 15 एचपीच्या ट्रॅक्टरला स्वतःचा मल्चर जोडण्यापेक्षा डिसेंबरात हे भाडं द्यावं, आणि आपला मिनी सरीतल्या कोळपणीला, फवारणीला आणि केळीच्या खोडाला राखून ठेवावा. कुट्टी शेतात पसरली की तिच्यावर थोडा युरिया किंवा शेणखत जायला हवं. कपाशीची काडी चिवट असते, नत्र मिळाल्याशिवाय लवकर कुजत नाही आणि तोवर वाळवीला आमंत्रण असतं.