नऊ आणि बावीस

भोपाळच्या कोटरा सुलतानाबादेत आमच्या एक काकू राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यातल्या प्रत्येक चौकोनात, तिथीच्या खाली, निळ्या पेनाने एक बारीक खूण असते. रात्रीचं जेवण, ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, मोठा पेलाभर पाणी, मग खूण. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून एकादशीला साबुदाण्याची खिचडी आधी आणि गोळी नंतर. गेली दीड दशकं हे चाललं आहे. जुनी कालनिर्णयं काकूंनी रद्दीत दिलेली नाहीत.

काकूंच्या सासऱ्यांचं घराणं नागपूरचं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं, आणि सरकारी दप्तरांबरोबर शेकडो मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांतलंच हे एक. २०१० च्या पावसाळ्यात काकूंना फार थकवा येऊ लागला. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, अर्ध्या पोळीतच पोट भरायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी २ लाख ४० हजार. निरोगी माणसात त्या ४ ते ११ हजारांच्या दरम्यान असतात. प्लीहा, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत पाणथरी, बेंबीपर्यंत वाढलेली होती. काकू तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात सीएमएल. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा साठीच्या आसपास होतो. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतच गाठतो, ऐन संसाराच्या वयात.

या शहरात कुणाला रक्ताचा कॅन्सर झाला की पहिला प्रश्न एकच असतो: गॅसमुळे? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काकू शहरातच होत्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या घरातही आला. तो अजिबात वेडगळ नाही. गॅसकांडानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भोपाळमध्ये कर्करोगाची नोंदणी सुरू केली ती याच काळजीपोटी. गांधी मेडिकल कॉलेजातून चालणारी ही नोंदणी देशातल्या जुन्या नोंदण्यांपैकी एक आहे, आपल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीच्या बरोबरीची. पण सीएमएलपुरतं बोलायचं तर ठामपणे ठाऊक असलेलं बाहेरचं कारण एकच आहे, तीव्र किरणोत्सर्ग. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत हा आजार वाढलेला दिसला होता. एरवी कुणाच्या रक्तात तो का सुरू झाला हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. काकूंना हे पचायला आजारापेक्षा जास्त वेळ लागला.

वर्षाला लाखात एखाद-दुसरा, असं सीएमएलचं प्रमाण मानतात. २०११ च्या जनगणनेत भोपाळ सुमारे १८ लाखांचं होतं. म्हणजे या एवढ्या शहरात वर्षाला वीस-तीस नवे रुग्ण, तेही वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेले. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण इथे गल्लीगल्लीत सापडतो, दुर्दैवाने. सीएमएलचा माणूस मात्र वर्षानुवर्षं असा जगू शकतो की त्याच आजाराचं दुसरं कुणी त्याने पाहिलेलंही नसतं. दुर्मिळ आजाराचा हा त्रास कुठल्या रिपोर्टात उमटत नाही.

आजाराची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात अपूर्व आहे. १९६० साली फिलाडेल्फियातल्या पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी त्याचा उलगडा केला. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत, आणि आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय म्हणून मुलं चिडवत. त्या टेबलावर त्यांना दिसलं की गुणसूत्र क्रमांक ९ आणि २२ यांनी आपापले तुकडे एकमेकांत बदलून घेतले आहेत. या अदलाबदलीतून दोन जनुकं चुकीच्या जागी जोडली जातात आणि एक असं प्रथिन तयार होतं जे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सोडतच राहतं. या नऊ आणि बावीसवरूनच जगभरचे रुग्ण २२ सप्टेंबरला सीएमएल दिन पाळतात.

त्या प्रथिनाचं तोंड बंद करणारा रेणू स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटाने घडवला. सीबा-गायगी पुढे नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली. ओरेगॉनच्या ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये हा रेणू रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. नाव इमॅटिनिब, बाजारातलं नाव ग्लिव्हेक. तोवर सीएमएल म्हणजे काही वर्षांची मुदत असे. इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यायची, किंवा भाऊ-बहिणीचा बोन मॅरो जुळला तर तो बदलायचा. आता रोज एक गोळी घेऊन माणूस नोकरी करू लागला, मुलांची लग्नं लावू लागला.

आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. ग्लिव्हेक महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजार. इथून मुंबईत दोन वाटा फुटल्या, आणि दोन्ही समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली वाट देणगीची. मॅक्स रिव्हारोला नावाचा मुलगा सीएमएलने किशोरवयातच गेला. त्याच्या आठवणीसाठी पॅट गार्सिया-गोन्झालेझ यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत मॅक्स फाउंडेशन सुरू केलं. नोव्हार्टिसने ज्यांना परवडत नाही त्यांना औषध फुकट द्यायचं ठरवलं तेव्हा वाटपाचं काम या संस्थेकडे आलं. २००२ पासून भारतातली जबाबदारी विजी वेंकटेश यांनी घेतली. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनमध्ये त्यांची आधीची वर्षं गेली होती. २०२३ मध्ये त्या एका मल्याळम चित्रपटात मोठ्या भूमिकेत दिसल्या आणि केरळात घरोघरी पोचल्या, पण आमच्या काकूंसारख्यांना त्या त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत.

दुसरी वाट कोर्टाची. नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर स्वस्त गोळ्या बंद पडल्या असत्या. २००३ मध्ये कंपनीला विक्रीचा एकाधिकार मिळाला होता, तेव्हा त्याची चुणूक दिसलीच होती. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने, होय, त्याच संस्थेने, पेटंटला हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला. अपिलं होत होत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कलम ३ (ड) चा आधार घेऊन नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. जुन्याच औषधाच्या नव्या रूपाने उपचारात अधिक गुण येतो हे दाखवता आलं नाही, तर पेटंट नाही. आपण १६ हजारांहून अधिक भारतीयांना औषध फुकट देतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. देणगी त्या रुग्णांना जगवत होती, हे खरं. पण देणाऱ्याने उद्या हात आखडला तर काय, या भीतीतून सुटका निकालानेच झाली, असं मला मनापासून वाटतं.

फुकट गोळीसाठी नाव नोंदवलेल्या रुग्णांमधूनच एक मंडळ उभं राहिलं, फ्रेंड्स ऑफ मॅक्स. रुग्ण आणि घरच्यांनीच चालवलेलं. इमॅटिनिब पोटातल्या जिस्ट नावाच्या एका दुर्मिळ गाठीवरही चालतं, म्हणून तेही रुग्ण यात. देशातल्या वेगवेगळ्या शहरांत यांच्या सभा भरतात. तज्ज्ञ डॉक्टर येतात, आजार समजावून सांगतात आणि मग प्रश्न घेतात. ‘चाय फॉर कॅन्सर’ हा त्यांचा उपक्रम मला फार आवडतो: घरी चहाला चार माणसं बोलवायची, त्या निमित्ताने आजाराबद्दल बोलायचं आणि जमतील ते पैसे रुग्णांसाठी द्यायचे.

काकू पहिल्यांदा मुंबईला गेल्या त्या पंजाब मेलने. सकाळी दादरला उतरून थेट गाडगे महाराज धर्मशाळेत. परळच्या टाटा हॉस्पिटलात येणाऱ्या कितीतरी बाहेरगावच्या रुग्णांचं मुंबईतलं हेच घर. पुढे काही महिन्यांनी त्या एका सभेला गेल्या आणि तिथे जे पाहिलं ते आजही सांगतात. शेजारच्या खुर्चीवर साताऱ्याकडची एक बाई होती, मांडीवर नातू. ती नऊ वर्षं हीच गोळी घेत होती. “अरे, डॉक्टर मला म्हणाले होते की माणसं या आजारात वर्षानुवर्षं जगतात. पण नातू मांडीवर घेतलेली बाई बघितली तेव्हा विश्वास बसला.”

सभेत विचारतात ते प्रश्न फार साधे असतात, आणि ओपीडीत पाच मिनिटांत कुणी ते विचारू धजत नाही. सकाळी डोळे सुजतात, गोळी बंद करू का? रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, काय करू? रंग उजळलाय, लोक विचारतात, काय सांगू? (इमॅटिनिबने आपल्याकडे अनेकांची त्वचा फिकट होते.) मूल हवंय, तर? हा शेवटचा प्रश्न तरुण मुली उठून विचारत नाहीत, चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवतात. त्याचं उत्तर अगदी स्पष्ट द्यावं लागतं: गोळी चालू असताना गरोदरपण टाळायचं, आणि हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून बेत ठरवायचा, परस्पर गोळी सोडायची नाही.

गोळी चुकवणं हा या आजारातला सर्वांत मोठा धोका आहे. दोन वर्षं ठणठणीत असलेल्या माणसाला वाटतं, एखादा आठवडा राहिली तर काय बिघडलं? लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात ८७ रुग्णांच्या बाटल्यांना झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद करणारं यंत्र बसवून हे मोजलं गेलं. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नव्वद टक्क्यांहून अधिक दिवस नेमाने गोळी घेणाऱ्यांत सहा वर्षांनी चांगला प्रतिसाद मिळण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८ टक्के. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीनच गोळ्या चुकल्या. गोळी तीच, आजार तोच. फुकट गोळी घरात आली की काम संपलं असं मानणाऱ्यांना हा आकडा मी नेहमी सांगतो. रोज आठवण करणारं, चुकलं तर न रागावता विचारणारं माणूस लागतं, आणि ते काम समदुःखी माणूस डॉक्टरपेक्षा चांगलं करतो. काकूंच्या कालनिर्णयावरची खूण त्या सभेतूनच आली. साताऱ्याच्या बाईंनी शिकवली.

रिपोर्ट वाचायलाही मंडळीच शिकवतात. सीएमएलच्या रुग्णाची दर काही महिन्यांनी एक पीसीआर चाचणी होते. त्या बिघडलेल्या जनुकाच्या खुणा रक्तात किती उरल्यात याची टक्केवारी त्यातून कळते. तीन महिन्यांनी दहाच्या खाली, वर्षभरात ०.१ पर्यंत, असा साधारण हिशेब. बारावी पास काकू आता दशांश चिन्हानंतरची शून्यं मोजून सांगतात की काळजी करायची की नाही. नव्या बातम्याही त्यांच्यापर्यंत पोचतात: इमॅटिनिब चालेनासं झालं तर डासाटिनिब, निलोटिनिब आहेत, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं असिमिनिब त्याच प्रथिनाला वेगळ्या जागी पकडतं. फ्रान्सच्या एका अभ्यासात किमान दोन वर्षं आजाराची खूण न सापडलेल्या रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवली. चाळीसेक टक्के जणांत वर्षानंतरही आजार परतला नाही. इतरांत तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच परतला आणि गोळीने पुन्हा आटोक्यात आला. काकूंच्या डॉक्टरांनी हा विषय एकदा काढला. दर महिन्याला चाचणी करावी लागेल, ते जमेल का, असं विचारलं. काकूंनी अजून उत्तर दिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या फोनवर होत्या. पलीकडे विदिशाची एक मुलगी, पंचविशीतली, आजार कळून दहा दिवस झालेली. काकू हिंदीत बोलत होत्या, मधेच मराठीत घसरत होत्या.

“हां बेटा, खाना खाके. बीच में नहीं, खाके. और पूरा गिलास पानी.” मग थोडं ऐकलं. “रोना आता है तो रो ले. रोने के बाद गोली ले ले.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूंनी चष्मा वर सरकवला आणि दाराआडचं कालनिर्णय हाताने पुढे ओढलं.

“पेन है ना घर में? चल, आज से शुरू कर.”