पोटात दात नसतात



'खाल्लेलं अंगी लागत नाही' ही तक्रार आम्हाला वस्तीत घरोघरी ऐकू येते. मग टॉनिकची बाटली येते, गॅसची गोळी येते. घास नीट चावला जातो का, हे मात्र कुणी पाहत नाही. खरं तर पचनाची सुरुवात पोटात नाही, तोंडात होते.

मोठ्या माणसाला अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. पुढचे ८ पटाशीचे दात घास तोडतात, ४ सुळे फाडतात आणि मागच्या २० दाढा-उपदाढा जात्यासारखं दळतात. जोडीला लाळ असते, दिवसाला साधारण लिटरभर. ती घास ओला करते आणि तिच्यातला पाचक रस भात-भाकरीतल्या पिठाची साखर करू लागतो. भाकरीचा कोरडा घास बराच वेळ चावून बघा, गोडसर लागेल. मुलांनाही हे करून दाखवा. चावणं सुरू झालं की मेंदूकडून पोटाला निरोप जातो आणि तिथे पाचक रस सुटू लागतो.

पोट घास घुसळतं, आम्लात भिजवतं. पण पोटात दात नसतात. शेंगदाणा न चावता गिळला तर त्यातलं तेल आणि प्रथिनं बरीचशी आतच अडकून राहतात आणि तुकडे शौचावाटे बाहेर पडतात. पैसे मोजून आणलेलं अन्न वाया जातं. न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जंतू ते आंबवतात, गॅस होतो. घाईने गिळताना हवाही पोटात जाते, म्हणून ढेकरा येतात. शिवाय पोट भरल्याची जाणीव व्हायला १५-२० मिनिटं लागतात. भराभर जेवणारा तोवर जास्त खाऊन बसतो.

प्रत्येक घास ३२ वेळा चावा असं सांगतात, पण मोजत बसायची गरज नाही. मऊ भाताला थोडं चावणं पुरतं. भाकरी, चणे, वजडी, मटण यांना जास्त लागतं. घास मऊ लगदा झाला की गिळावा. न चावलेला घास पाण्याच्या घोटाने ढकलू नये. भिक्खूंनी फार मोठा घास घेऊ नये, तोंडात घास असताना बोलू नये, असे नियम विनयपिटकात आहेत. ते आपल्या घरातही उपयोगाचे आहेत.

सावकाश जेवायला वेळही हवा. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पण नाक्यावरच्या मजुराला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या ताईला तो अर्धा तास कोण देतो? जेवणाची सुट्टी हा हक्क आहे, तो मागितला पाहिजे.

आणि चावायला दात-जबडा शाबूत हवा. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्याने हिरड्या खराब होतात, दात हलतात, कॅन्सरचा धोका वाढतो. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी तपासा: आपलीच तीन बोटं एकावर एक धरून, उभी, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. दुखत नाही म्हणून थांबू नका.

दात गेलेल्या आजी-आजोबांना नुसतं आमटीचं पाणी देऊ नका. त्याने अंगातली ताकद जाते. भाकरी घट्ट वरणात कुस्करा, अंडं कुस्करून द्या, मटणाचा खिमा करा. कवळी बसवता येते का, तेही विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. कूट करून द्या.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांनी मिळून ही तीन बोटांची तपासणी करावी, ही आमची विनंती. पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्याचा आजार वेळेत सापडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!