दामाजीपंतांचे धान्यवाटप आणि इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न

ज्वारीचे कोठार म्हणून मंगळवेढ्याची ख्याती आजही आहे. परंतु मराठी मनात त्या गावाचे नाव रुजले ते रित्या झालेल्या एका कोठारामुळे. बिदरच्या बादशहाचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्य भुकेल्यांना वाटले, ही कथा महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथामुळे घरोघर पोचली. कीर्तनात तिचा उपयोग देवाच्या भक्तवात्सल्याचे उदाहरण म्हणून होतो, आणि तो यथायोग्यही आहे. तथापि त्या रसात नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न बुडून जातो. सद्हेतूने केलेले बंड हे बंडच असते की नाही, आणि परिणाम देवाने सावरला असता कर्त्याचे स्वातंत्र्य उरते की नाही, हा तो प्रश्न होय.

काळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कित्येकदा ही कथा १३९६ मध्ये सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जोडली जाते. पण बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली ती पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. कथेतील बिदर प्रमाण मानल्यास १४६० च्या सुमाराचा दुष्काळ अधिक जुळतो, आणि जुन्या सरकारी ग्रंथांत त्या दुष्काळाला दामाजीपंतांचेच नाव दिलेले आढळते. असे असले तरी महिपतींची रचना घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांची आहे. तेव्हा पुढील विचार हा इतिहासाचा नसून परंपरेने जपलेल्या कथेचा आहे.

कथेतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पंढरपूरचा एक ब्राह्मण दामाजींच्या पंक्तीला बसतो आणि घरच्या उपाशी मुलांच्या आठवणीने त्याला अश्रू आवरत नाहीत. दामाजी त्याच्याबरोबर धान्य धाडतात. ते वाटेतच लुटले जाते. आणि मग भुकेल्यांचा समुदाय मंगळवेढ्यास येतो. म्हणजे पहिले दान दयेच्या भरात घडले असे म्हणता येईल, पण दुसऱ्याविषयी तसे म्हणता येणार नाही. कोठार बादशहाचे आहे, आपण त्याचे राखणदार आहोत आणि या कृत्याची शिक्षा देहान्त होऊ शकते, हे सारे जाणून दामाजींनी कुलपे काढली. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या (१९१५) कर्मविपाकावरील प्रकरणात जो प्रश्न उभा केला आहे, तो येथे मूर्त स्वरूपात दिसतो. कर्माच्या साखळीने बांधलेल्या मनुष्याला अमुकच करावे अशी प्रवृत्ती धरण्यापुरते तरी स्वातंत्र्य आहे काय? टिळकांचे उत्तर होकारार्थी आहे. दामाजींच्या बाबतीत ते नाकारले, तर स्तुतीला जागाच उरत नाही. पूर आल्याने कोठार वाहून गेले असते, तर त्या पुराला कोणी संत म्हटले नसते.

बिदरला लिहून कळविणारा मुजुमदार कीर्तनात खलपुरुष ठरतो. पण त्याने खोटे काय लिहिले? हिशेब राखणे हेच त्याचे काम, आणि हिशेबात तूट होती. मत्सर हा हेतू कथेने त्याला चिकटवला आहे. तो वगळला तरी कृत्य तेच राहते. उलट दामाजींचे कृत्य, हेतू वगळल्यास, सरळ अपहार ठरते. एकाचे वर्तन नियमाने निर्दोष पण हेतूने दूषित, दुसऱ्याचे हेतूने शुद्ध पण नियमाने सदोष, अशी ही जोडी आहे. दामाजींना नुसत्या चोरापासून वेगळे करणारी गोष्ट हेतूइतकीच त्यांच्या पुढील वागण्यात आहे. ते पळून जात नाहीत, कोठार लुटले गेल्याची बतावणी करीत नाहीत. बिदरच्या वाटेवर पंढरीचे दर्शन घेऊ द्यावे, एवढीच त्यांची विनंती.

मग विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला जातो. ग्रीक पुराणात प्रोमेथ्यूस स्वतः देवकुळातला असून मानवांसाठी अग्नी चोरतो आणि देवाधिपतीचा कोप भोगतो. तेथे बंड देवाचेच देवाविरुद्ध आहे. मराठी कथेतील देव बंड करीत नाही. तो बादशहाला शासन करीत नाही, बुद्धिभ्रंशही घडवीत नाही. धान्याची पुरती किंमत मोजतो आणि पावती घेतो! ती पावती दामाजींना गीतेच्या पोथीत सापडते. या तपशिलाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ऋण फेडले जाते, याचा अर्थ ऋण खरे होते. देवाने नियम रद्द केला असता, तर दामाजींनी काही मोडलेच नाही असे झाले असते. पावतीमुळे उल्लंघन उल्लंघनच राहते, आणि त्याचा भार मात्र दुसरा कोणी उचलतो. शिवाय दामाजींना याची आगाऊ खबर नव्हती. विठ्ठल भरपाई करील अशा हिशेबाने त्यांनी कोठार उघडले असते, तर तो व्यवहार झाला असता. सुटकेनंतर त्यांनी चाकरी सोडली असे कथा सांगते. दोन धन्यांची सेवा यापुढे शक्य नाही, हे त्यांना उमगले असावे.

राहता राहिले ते महाराचे रूप. सरकारी वसूल व निरोप वाहून नेणे हे महारवतनाचे काम होते, त्यामुळे हे रूप व्यवहारालाही धरून आहे. पण याच मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून त्याचा अंत झाला, आणि त्याची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. महिपतींच्या कथनात धान्य मागणारे मुख्यतः पंढरपूरचे ब्राह्मण आहेत, आणि त्यांच्या पोटासाठी देव महार होतो. ज्या जातीचा वेष देवाने घेतला, तिला त्या देवळाचे दार १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. दामाजींच्या बंडाचे गुणगान करणाऱ्या परंपरेने ते दार उघडण्याचे बंड मधल्या शतकांत का केले नाही, याचे उत्तर 'भक्तविजया'त शोधून मिळत नाही.